संशय आणि आशीर्वाद : विवाह, देह आणि ख्रिस्तसभा

आपल्या कुटुंबांत देवाविषयी बोलले जाते, पापाविषयी बोलले जाते, मरणाविषयीही बोलले जाते. परंतु पतिपत्नींच्या देहसंबंधाचा विषय निघाला की घरात एकाएकी शांतता पसरते. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या कानी 'हे पाप, ते पाप' एवढेच पडते. लग्नाच्या दिवशी मात्र त्यांना सांगितले जाते की, विवाह हा पवित्र साक्रामेंत आहे. ज्याचे नाव घेण्याचीही काल चोरी होती ते आज पवित्र कसे झाले, हा प्रश्न त्यांच्या मनात येतोच. पण तो विचारायचा कुणाला? हळूहळू आपली अशी समजूत होऊन बसली आहे की, हा संकोच म्हणजेच ख्रिस्ती शिकवण.

इतिहासाची पाने चाळली असता ही समजूत टिकत नाही. गेल्या दोन हजार वर्षांत ख्रिस्तसभेत या विषयावर दोन स्वर सतत ऐकू येतात. एक स्वर देहाला देवाची निर्मिती मानून विवाहाला आशीर्वाद देतो. दुसरा वासनेकडे संशयाने पाहतो. कधी एक वरचढ झाला, कधी दुसरा. मात्र ज्या ज्या वेळी कोणी पुढे होऊन 'विवाह मुळातच वाईट आहे' असे म्हटले, त्या त्या वेळी ख्रिस्तसभेने त्याला ठाम नकार दिला. पुढे त्याच लोकांच्या संशयाला आपल्याच घराच्या कोपऱ्यात जागा मिळाली, ही या इतिहासातील दुखरी बाजू आहे. दोन्ही बाजू आम्ही येथे थोडक्यात मांडू इच्छितो.

बायबलचा वारसा

उत्पत्तीच्या पुस्तकात देव मनुष्याला नर आणि नारी असे निर्माण करतो, दोघांनाही आपल्या प्रतिरूपाचे करतो आणि आपली निर्मिती फार चांगली आहे असे पाहतो. पुरुष आणि त्याची स्त्री एकदेह होतात आणि त्यांना एकमेकांची लाज वाटत नाही. लाज येते ती पापानंतर. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढच्या अनेक वादांचे मूळ त्यात आहे. जुन्या करारात 'गीतरत्न' नावाचे एक संपूर्ण पुस्तक प्रियकर आणि प्रेयसी यांच्या प्रीतीला वाहिलेले आहे. ज्यू गुरूंनी त्यात देव आणि इस्राएल यांचे प्रेम पाहिले, ख्रिस्ती आचार्यांनी ख्रिस्त आणि ख्रिस्तसभा यांचे. क्लेअरव्होच्या संत बर्नार्ड यांनी बाराव्या शतकात या पुस्तकावर ८६ प्रवचने रचली. देवाच्या प्रीतीचे वर्णन करताना संन्यस्तांनाही शेवटी वधूवरांचीच भाषा हाताशी घ्यावी लागली, हे येथे नमूद केले पाहिजे.

प्रभू येशूने या विषयावर मोजकेच भाष्य केले. पण जे केले त्याने पुरुषांच्या जगाला धक्का बसला. वाईट नजरेचा दोष त्याने पाहणाऱ्याच्या अंतःकरणावर ठेवला, दिसणाऱ्या स्त्रीवर नव्हे. पत्नीला सोडचिठ्ठी देण्याचा पुरुषाचा परवाना त्याने नाकारला. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री नियमाप्रमाणे 'अशुद्ध' होती; तिने त्याच्या वस्त्राला स्पर्श केला तेव्हा तिला दूर न लोटता त्याने 'मुली' अशी हाक मारली.

संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात दोन्ही स्वर शेजारी शेजारी आढळतात. अविवाहित राहणे त्याला अधिक बरे वाटते, कारण काळ थोडा उरला आहे अशी त्याची धारणा होती. परंतु त्याच अध्यायात तो असेही सांगतो की, जसा पत्नीच्या देहावर पतीचा अधिकार आहे तसाच पतीच्या देहावर पत्नीचा आहे. पहिले अर्धे विधान त्या काळी कोणालाही पटले असते. दुसरे अर्धे मात्र नवे होते. रोमन समाजात पुरुषाने परक्याच्या पत्नीशी संबंध ठेवला तरच तो व्यभिचार. दासींशी किंवा वेश्यांशी ठेवलेल्या संबंधांबद्दल कायदा त्याला जाब विचारत नसे. अशा जगात निष्ठेची एकच मोजपट्टी पतिपत्नी दोघांना लावणे ही लहान गोष्ट नव्हती. चौथ्या शतकात नाझियान्झसचे संत ग्रेगरी यांनी आपल्या प्रवचनात स्पष्टच बोलून दाखवले की, हे कायदे पुरुषांनी केलेले आहेत, म्हणूनच ते स्त्रियांवर कठोर आहेत.

पहिला नकार आणि पहिला संशय

ख्रिस्ती श्रद्धा ग्रीक-रोमन जगात पसरली तेव्हा त्या जगातही देहाविषयी अविश्वास दाटून आला होता. स्टोइक तत्त्वज्ञ भावनांच्या आहारी जाणे कमीपणाचे मानत. नॉस्टिक पंथांपैकी अनेकांना जडसृष्टी ही कनिष्ठ देवतेची निर्मिती वाटे. दुसऱ्या शतकातील मार्शियनच्या पंथात विवाहित जीवन जगणाऱ्यांना बाप्तिस्मा नाकारला जाई. ख्रिस्तसभेने या विचारांना पाखंड ठरवले. अलेक्झांड्रियाचे क्लेमेंट यांनी इ.स. २०० च्या सुमारास आपल्या 'स्ट्रोमाटा' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात विवाहाचे सविस्तर समर्थन केले. चौथ्या शतकाच्या मध्यास आशिया मायनरमधील गांग्रा येथे भरलेल्या धर्मपरिषदेने आपल्या पहिल्याच नियमात विवाहाची निंदा करणाऱ्यांना बहिष्कृत ठरवले. श्रद्धावान स्त्री पतीसह नांदते म्हणून तिला तुच्छ लेखणारेही त्यात आले.

याच काळात कौमार्यव्रताचा गौरव वाढत गेला. आज आपण त्याकडे केवळ देहाचा तिरस्कार म्हणून पाहिले, तर त्या स्त्रियांवर अन्याय होईल. कोवळ्या वयात बापाने ठरवलेले लग्न आणि बाळंतपणात ओढवणारा मृत्यू, हेच बहुसंख्य मुलींचे भवितव्य होते. अशा जगात 'मी माझे जीवन प्रभूला वाहिले आहे' असे म्हणणाऱ्या मुलीला प्रथमच स्वतःच्या देहाविषयी स्वतः निर्णय घेता आला. परंतु एका व्रताची थोरवी गाताना दुसऱ्याची हेटाळणी करण्याचा मोह आवरणे अवघड असते. रोममधील जोव्हिनियन या संन्याशाने विवाहित आणि व्रतस्थ यांची योग्यता देवापुढे सारखीच आहे असे शिकवले, तेव्हा ३९३ च्या सुमारास त्याला दोषी ठरवण्यात आले. त्याच्या खंडनार्थ संत जेरोम यांनी जो ग्रंथ लिहिला, त्यात विवाहाची अशी काही खिल्ली उडवली होती की, रोममधील त्यांचे मित्रच गडबडून गेले आणि त्यांनी प्रती परत गोळा करण्याची खटपट केली.

संत ऑगस्टीन : मधला मार्ग आणि त्याची किंमत

पाश्चात्त्य ख्रिस्तसभेच्या मनावर या विषयात सर्वांत खोल ठसा उमटवला तो संत ऑगस्टीन यांनी. ३५४ साली उत्तर आफ्रिकेत जन्मलेले हे आचार्य तारुण्यात सुमारे नऊ वर्षे मानीच्या पंथाचे अनुयायी होते. देह अंधाराच्या साम्राज्याचा आणि संतती म्हणजे प्रकाशाला पडलेली आणखी एक बेडी, असे तो पंथ मानी. त्याच वर्षांत एका स्त्रीबरोबर ते एकनिष्ठेने राहिले आणि त्यांना अदेओदातुस हा मुलगा झाला. पुढे प्रतिष्ठित विवाह जमावा म्हणून त्या स्त्रीला परत पाठवण्यात आले. 'कबुलीजबाब' या आपल्या ग्रंथात त्यांनी त्या ताटातुटीचे दुःख नोंदवले आहे. तिचे नाव मात्र नोंदवलेले नाही. इतिहासात निनावी राहिलेल्या या स्त्रीचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

३८७ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर ऑगस्टीन यांना दोन आघाड्यांवर उभे राहावे लागले. एकीकडे विवाहाला वाईट म्हणणारे मानीपंथीय, दुसरीकडे जेरोम यांच्या कठोर लेखणीने दुखावलेले विवाहित. ४०१ च्या सुमारास लिहिलेल्या 'विवाहाचे चांगुलपण' या ग्रंथात त्यांनी विवाहाची तीन वरदाने सांगितली : संतती, निष्ठा आणि अतूट पवित्र बंध. पुढील हजाराहून अधिक वर्षांची ख्रिस्ती विवाहशिकवण या तीन खांबांवर उभी राहिली. परंतु आदिपापानंतर कामवासना मनुष्याच्या इच्छेच्या ताब्यात राहिलेली नाही, म्हणून संततीच्या हेतूवाचून होणारा वैवाहिक संबंधही अल्प का होईना दोषास्पद आहे, असेही त्यांनी मांडले. एक्लानमचे महागुरू ज्युलियन यांनी त्यांना उलट विचारले की, देवाने दिलेल्या स्वाभाविक इच्छेला दोष देता, तेव्हा तुमच्यातला जुना मानीपंथीयच बोलत नाही काय? ज्युलियन यांची कृपेविषयीची भूमिका ख्रिस्तसभेने नाकारली, ते योग्यच होते. पण त्यांचा हा एक प्रश्न शतकानुशतके अनुत्तरित राहिला.

प्रायश्चित्ताची पुस्तके

सहाव्या शतकापासून आयर्लंडमध्ये आणि नंतर युरोपभर पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी प्रायश्चित्तांच्या पुस्तिका प्रचारात आल्या. पतिपत्नींनी कोणत्या दिवशी दूर राहावे याची त्यांत लांबलचक यादी असे : उपवासकाळ, नाताळपूर्वीचा काळ, रविवार, कित्येक ठिकाणी बुधवार आणि शुक्रवार, शिवाय मासिक पाळी, गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे दिवस. विवाह चांगला, पण त्याचा संसार दिनदर्शिकेच्या फटींतून करायचा, अशी ही स्थिती होती.

तरीही आशीर्वादाचा स्वर लोपला नाही. संत ग्रेगरी महान यांनी ६०१ च्या सुमारास इंग्लंडमधील मिशनप्रमुखांना पाठवलेली उत्तरे इतिहासकार संत बीड यांनी जतन करून ठेवली आहेत. त्यांत ग्रेगरी म्हणतात की, बाळंत झालेली स्त्री त्याच घटकेला देवाचे आभार मानायला चर्चमध्ये आली तरी ती कोणतेही पाप करत नाही. पाळी चालू असलेल्या स्त्रीलाही चर्चमध्ये येण्यास मज्जाव करू नये. त्याच उत्तरांत पतीने पत्नीशी संबंधानंतर स्नान केल्याशिवाय चर्चमध्ये येऊ नये, असा जुना संकोचही आहे. एकाच कागदावर दोन्ही स्वर!

बाळंतिणीच्या विधीची कथाही अशीच आहे. स्त्रीने हाती पेटती मेणबत्ती घेऊन चर्चच्या दारापाशी थांबायचे आणि धर्मगुरूने आपल्या स्टोलचे टोक तिच्या हाती देऊन तिला आत न्यायचे. १६१४ च्या रोमन विधिग्रंथातील या विधीच्या प्रार्थना आभारप्रदर्शनाच्या आहेत, शुद्धीकरणाच्या नाहीत. पण लोकांनी त्यात शुद्धीकरणच पाहिले, आणि कित्येक मातांनी आपण विटाळलेल्या आहोत अशा भावनेनेच त्या दारात पाऊल ठेवले. १९६९ च्या नव्या बाप्तिस्माविधीत आईबरोबर बापालाही आशीर्वाद देण्यात आला. अर्थ आभाराचा आणि समजूत विटाळाची, ही फारकत आपल्या अनेक रूढींना लागू पडते.

'होय' या शब्दाचे सामर्थ्य

मध्ययुगाने विवाहाला आणखी एक मोठे देणे दिले. विवाह कशाने होतो? बापाने मुलगी दिल्याने, हुंड्याने, की देहसंबंधाने? ८६६ साली पोप निकोलस पहिले यांनी बल्गेरियन लोकांना लिहिलेल्या उत्तरात सांगितले की, दोघांची संमती नसेल तर बाकीचे सारे व्यर्थ आहे. बाराव्या शतकात पोप अलेक्झांडर तिसरे यांच्या निर्णयांनी ही गोष्ट कायम झाली : वधूवरांच्या मोकळ्या संमतीने विवाह होतो. याच सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये काथार पंथाचे लोक संतती निर्माण करणे हेच पाप मानत होते. त्यांच्याविरुद्ध ११८४ साली व्हेरोना येथे काढलेल्या आदेशात विवाहाचा उल्लेख साक्रामेंतांच्या पंक्तीत आला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी पतिपत्नींचे नाते ही सर्वांत मोठी मैत्री असल्याचे लिहिले. आदिपाप घडले नसते तर एदेनबागेतील देहसुख कमी नव्हे, अधिकच असते, असेही त्यांनी मांडले. ऑगस्टीन यांचा आदर राखून त्यांच्या संशयाची धार त्यांनी अशी बोथट केली.

संमतीच्या तत्त्वातून एक अडचणही उद्भवली. साक्षीदारांवाचून गुपचूप लावलेली लग्ने नंतर नाकारली जात, आणि फसवणूक बहुधा स्त्रियांची होई. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांची उपस्थिती सक्तीची केली, चर्चमध्ये आगाऊ घोषणा करणे आणि विवाहाची नोंदवही ठेवणे आवश्यक ठरवले. फ्रान्सच्या राजाच्या वकिलांचा आग्रह होता की, आईबापांच्या परवानगीवाचून झालेला विवाह रद्द समजावा. परिषदेने ते मानले नाही. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक परिषदेने ट्रेंटचे निर्णय पूर्वेकडील पोर्तुगीज मुलखात लागू करण्याचे काम हाती घेतले. १५३४ पासून पोर्तुगिजांच्या ताब्यात असलेली वसई त्या मुलखातच होती. लग्नापूर्वी चर्चमध्ये नावे पुकारण्याची आपल्या धर्मग्रामांतील पद्धत आणि लग्नाची नोंदवही यांचे मूळ तेथवर पोहोचते. स्थळे पाहताना आणि घराणी जुळवताना आपण ज्या 'होय'ला अनेकदा गृहीत धरतो, त्या 'होय'साठी ख्रिस्तसभा राजांपुढेही नमली नव्हती, हे आपण विसरता कामा नये.

१५६६ च्या रोमन धर्मशिक्षणग्रंथाने विवाहाच्या कारणांत परस्परांच्या सोबतीला पहिले स्थान दिले. पण त्याच ग्रंथाने कम्युनियन घेण्यापूर्वी किमान तीन दिवस पतिपत्नींनी दूर राहावे असाही सल्ला दिला. संसारी माणसाने वारंवार कम्युनियन घेऊ नये, या समजुतीला त्यामुळे बळ मिळाले. २० डिसेंबर १९०५ च्या आदेशाने संत पायस दहावे यांनी कृपेची अवस्था आणि शुद्ध हेतू एवढ्याच अटी ठेवल्या, तेव्हा विवाहितांसाठी वेदीची वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली.

विसावे शतक : विवाहितांचा आवाज

१९१७ च्या धर्मसंहितेत विवाहाचा प्रमुख हेतू संतती आणि तिचे संगोपन, दुय्यम हेतू परस्परसाहाय्य आणि वासनेवरील उपाय, अशी उतरंड होती. ऑगस्ट १९३० मध्ये अँग्लिकन महागुरूंच्या लॅम्बेथ परिषदेने मर्यादित परिस्थितीत संततिनियमनाच्या साधनांना मुभा दिली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोप पायस अकरावे यांनी 'कास्ती कोन्नुबी' हे परिपत्रक काढून कृत्रिम साधनांचा निषेध केला. पण पतिपत्नींनी एकमेकांना आतून घडवणे हेही व्यापक अर्थाने विवाहाचे प्रमुख प्रयोजन म्हणता येईल, असे त्यात नमूद केले. २९ ऑक्टोबर १९५१ रोजी इटलीतील सुईणींपुढे बोलताना पोप पायस बारावे म्हणाले की, वैवाहिक संबंधातील सुख शोधण्यात पतिपत्नी काहीच गैर करत नाहीत. ऑगस्टीन यांच्या काळापासून साचलेला संशय परमगुरूंच्या मुखाने येथे दूर झाला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी संमत केलेल्या 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात हेतूंची उतरंड आली नाही. विवाहाला जीवनाची आणि प्रीतीची जिव्हाळ्याची सहभागिता म्हटले गेले. संततिनियमनाच्या प्रश्नासाठी पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ साली नेमलेल्या आयोगाचा पोप पॉल सहावे यांनी विस्तार केला आणि त्यात विवाहित जोडप्यांनाही बोलावले. मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस हेही या आयोगाचे सदस्य होते. आयोगातील बहुमत बदलाच्या बाजूने गेले. परंतु २५ जुलै १९६८ च्या 'हुमाने व्हिते' या परिपत्रकात पोपमहोदयांनी ते मान्य केले नाही. ऐक्य आणि जीवनदान हे देहसंबंधाचे दोन अर्थ एकमेकांपासून तोडता येत नाहीत, ही भूमिका त्यांनी कायम ठेवली. हा निर्णय अनेक कुटुंबांना जड गेला, अनेकांना आधार वाटला. त्यावरील चर्चा आजही शमलेली नाही. मात्र दोन्ही बाजूंचे लोक आता 'देह दोषी आहे' असे म्हणत नव्हते. वाद होता तो दानाचा मान कसा राखावा याविषयी.

संत जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या सभांमधून देहाच्या ईश्वरविज्ञानाची मालिका मांडली. १९८३ च्या नव्या धर्मसंहितेने पतिपत्नींचे कल्याण आणि संतती या दोहोंना विवाहाचे उद्दिष्ट म्हणून बरोबरीने स्थान दिले. विवाहाची पूर्तता मनुष्याला शोभेल अशा रीतीने व्हावी, हे शब्दही तिने घातले. बळजबरीला विवाहाच्या नावाखाली आसरा नाही, असा त्याचा रोख आहे. २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया'मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दांपत्याच्या शृंगाराला देवाचे दान म्हटले आणि संसारातील जुलमाची, हिंसेची उघड निंदा केली.

आपल्या पदरात काय?

या साऱ्या प्रवासातून आम्हांला असे दिसते की, बदलली ती शिकवणीची मुळे नव्हेत. निष्ठा, अतूट बंध, मोकळी संमती आणि जीवनाचे स्वागत हे धागे आरंभापासून आजवर कायम आहेत. गळून पडला तो संशय, जो बराचसा परक्या तत्त्वज्ञानांतून आणि जुन्या विटाळकल्पनांतून आला होता. आपण मात्र पुष्कळदा तो संशयच वारसा म्हणून जपून ठेवला आणि धागे सैल सोडले. पाळी आलेल्या मुलीला ओशाळे करणारे आपण, पुरुषाच्या बाहेरख्यालीकडे मात्र कानाडोळा करतो. लग्नातील बळजबरी सोसणाऱ्या सुनेला 'गप्प राहा, संसार आहे' असे सांगतो. संत पौलाच्या वाक्याचे पहिले अर्धे तेवढे लक्षात राहिले आणि दुसरे अर्धे विस्मरणात गेले, असाच त्याचा अर्थ होतो.

विवाहपूर्व मार्गदर्शनाचे वर्ग धर्मग्रामांत भरतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु काही दिवसांचा वर्ग वीस वर्षांच्या मौनाची भरपाई करू शकत नाही. मुलांशी या विषयावर प्रथम बोलण्याचा मान आणि जबाबदारी आईबापांची आहे. मर्यादा सांगावी, संयमाचे मोल सांगावे, पापाला पापही म्हणावे. पण त्याआधी हे सांगावे की, देह देवाने घडवला आणि तो चांगला आहे असे पाहिले. उत्पत्तीच्या पुस्तकातला क्रमही तोच आहे. आधी आशीर्वाद आहे आणि लाज त्यानंतरची आहे.